गायगर-म्यूलर गणित्र आणि उपकरणांची तडतड

गायगर-म्यूलर गणित्र : अल्फा, बीटा, गॅमा यांसारख्या आयनीकारक प्रारणाचा वेध घेऊन त्याची एकेक घटना मोजणारे उपकरण. कारखान्यांत याला नुसते ‘मीटर’ किंवा ‘काउंटर’ म्हणतात. त्यातून ऐकू येणारी तडतड हा किरणोत्सर्गाचा आवाज नव्हे. किरणोत्सर्ग मुका असतो. नळीत उमटलेला विजेचा झटका लाउडस्पीकरकडे पाठवला जातो, म्हणून तो कानाला कळतो.

हान्स गायगर यांनी अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याबरोबर मँचेस्टरला 1908 मध्ये अल्फा कण मोजणारे पहिले विद्युत् साधन बनवले. आजची नळी मात्र 1928 ची. ती गायगर आणि त्यांचे विद्यार्थी वाल्टर म्यूलर यांनी घडवली. रचना अगदी साधी आहे. धातूच्या बंद नळीत निऑन किंवा अरगॉनसारखा वायू कमी दाबाने भरलेला असतो आणि मधोमध एक बारीक तार ताणलेली असते. तार आणि भिंत यांच्यात सुमारे 400 ते 900 व्होल्टचा दाब असतो. एखादा कण आत शिरला, किंवा गॅमा किरणाने भिंतीतून एखादा इलेक्ट्रॉन उडवला, की वायूचे काही अणू आयनित होतात. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेकडे झेपावतात, वाटेत आणखी अणू आयनित करतात आणि क्षणार्धात तारेभोवती इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार होतो. एका इलेक्ट्रॉनाचे अशा रीतीने कोट्यवधी होतात. हा लोंढा आपोआप थांबावा म्हणून वायूत ब्रोमीन किंवा क्लोरीनचा अंश मिसळलेला असतो.

लोंढ्यानंतर तारेभोवती उरलेले धन आयन दूर सरकेपर्यंत सुमारे 50 ते 100 मायक्रोसेकंद नळी पुढचा कण ओळखत नाही. हा तिचा मृतकाळ. प्रारण फारच तीव्र असेल तर नळी या मृतकाळातून बाहेरच पडत नाही आणि काही जुनी उपकरणे अशा वेळी चक्क शून्य दाखवत. म्हणजे मीटर गप्प आहे म्हणून जागा सुरक्षित आहे, असे मानणे जिवावर बेतू शकते. दुसरी मर्यादा अशी की, प्रत्येक झटका सारख्याच उंचीचा असतो. कण किती ऊर्जेचा होता आणि कुठल्या मूलद्रव्यातून आला, हे तडतडीवरून कळत नाही. त्यासाठी सोडियम आयोडाइडचे चकाकणारे स्फटिक किंवा जर्मेनियमचे अर्धवाहक शोधक लागतात.

भारतात या नळ्यांचा मोठा वापर प्रथम अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या अभ्यासात झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होमी भाभा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 च्या दशकात अशी गणित्रे एकावर एक रचून विमानातून हजारो फूट उंचीवर नेली आणि त्या किरणांतल्या मेसॉन नावाच्या कणांची मोजणी केली. पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भे येथील अणुकेंद्र यांनी उपकरणे देशातच बनवायचा ध्यास घेतला. त्यातूनच 1967 मध्ये हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली.

प्रयोगशाळेबाहेर मीटरचा रोजचा वापर कारखान्यांत होतो. उदाहरणार्थ, चेन्नईच्या वायव्येकडील अंबत्तूर हे तमिळनाडूतल्या जुन्या उद्योगनगरांपैकी एक. टीआय सायकल्सचा कारखाना येथे 1949 पासूनचा. 1960 च्या दशकात वसलेल्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम, यंत्रकाम, जोडकाम करणारे असंख्य छोटे कारखाने आले. अशा वसाहतींत मीटरचे खरे काम रेडिओग्राफीच्या वेळी असते. ओतीव भागातली पोकळी किंवा वेल्डमधली भेग बाहेरून दिसत नाही. म्हणून एका बाजूला फिल्म लावतात आणि दुसऱ्या बाजूने इरिडियम-192 चा गॅमा स्रोत आणतात. जड कवचाच्या ‘कॅमेऱ्या’तून केबलच्या टोकाला असलेली बारीकशी गोळी हँडल फिरवून बाहेर काढायची आणि ठरलेल्या वेळानंतर परत आत ओढायची, अशी ही पद्धत. इरिडियमचा अर्धायुकाल सुमारे 74 दिवसांचा असल्याने स्रोत वारंवार बदलावा लागतो; भारतात तो प्रामुख्याने प्रारण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ब्रिट, पुरवते.

धोका असतो तो गोळी परत आत गेली की नाही, या एका प्रश्नात. हँडल फिरले म्हणून गोळी आत गेलीच असे नाही. ती अडकते, क्वचित केबलपासून सुटतेही. डोळ्यांना ती धातूच्या साध्या तुकड्यासारखी दिसते. म्हणून प्रत्येक एक्स्पोजरनंतर मीटर हातात धरूनच कॅमेऱ्याकडे जायचे असते आणि छातीवर प्रारणाची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज लावायचा असतो. बॅज मात्र किती मात्रा मिळाली हे नंतर प्रयोगशाळेत सांगतो, त्या क्षणी सावध करतो तो मीटरच. घाई आहे म्हणून मीटरने तपासण्याचा टप्पा गाळण्याची सवय ही या कामातली सर्वांत घातक सवय मानावी लागते. मीटर नसला की काय होते, हे दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजाराने 2010 मध्ये दाखवून दिले. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या उपकरणातला कोबाल्ट-60 भंगारवाल्यांनी फोडला. अनेकजण आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला.

मीटरप्रमाणेच इतर उपकरणेही तडतडतात, आणि त्यामागेही स्पीकरपर्यंत पोचलेला विजेचा झटकाच असतो. स्पीकरच्या वेटोळ्याला मिळणारा विजेचा दाब अचानक बदलला की ‘टक्’ असा आवाज होतो, मग तो बदल कशानेही होवो. आवाजाच्या बटणाखालच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते, कच्च्या सोल्डरचा सांधा हलतो, मोटारीच्या ब्रशजवळ ठिणग्या उडतात. ठिणगीतून निघणाऱ्या रेडिओलहरी अनेक वारंवारतांवर पसरतात. म्हणून शेजारी वेल्डिंग चालू असताना मध्यमलहरींवरचा रेडिओ खरखरतो, आणि दूरवर वीज चमकली तरी तो कडकडतो. जुन्या जीएसएम मोबाइलची घंटी वाजण्याआधी स्पीकरमध्ये येणारी ‘टर्र-टर्र’ ही फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा प्रक्षेपण चालू-बंद करत असल्यामुळे येते.

चेन्नईची दमट हवा यात भर घालते. उच्चदाब वाहिनीच्या इन्सुलेटरवर धूळ आणि ओल साचली की हवेत विसर्जन होऊन चर्रर्र असा आवाज येतो. मीटरच्या आतही असेच होऊ शकते. नळीच्या टोकांवर ओल धरली तर विजेची गळती होऊन खोटे ठोके पडतात; त्यामुळे नळीची जोडणी ओलीपासून जपावी लागते.

खरे आणि खोटे ठोके कानाने बऱ्याच अंशी वेगळे करता येतात. अणूंचा क्षय यादृच्छिक असतो, त्यामुळे खरी तडतड कधीच तालात येत नाही. दोन-तीन ठोके लागोपाठ पडतात, मग लांब खंड पडतो. सरासरी 100 ठोक्यांच्या मोजणीत साधारण 10 ची कमी-अधिक होणारच. एक टक्क्याची अचूकता हवी असेल तर 10,000 ठोके मोजावे लागतात. घरात ठेवलेली लहान नळीही आकारानुसार मिनिटाला दहा-वीस-तीस ठोके देते. ते विश्वकिरणांचे, ग्रॅनाइटमधल्या युरेनियम-थोरियमचे आणि हवेतल्या रेडॉनचे. ठोके घड्याळासारखे नियमित पडू लागले तर मात्र आधी वीजपुरवठा आणि जोडण्या तपासाव्यात, ज्ञात स्रोत समोर धरून मीटर प्रतिसाद देतो का ते पाहावे, आणि कॅलिब्रेशनची मुदत उलटली असेल तर तो कामावर नेऊ नये.