नकाशावरचे गावकूस

वस्ती कोठे असावी आणि ती कोणाची असावी, हा प्रश्न आपल्या देशात नगररचना खाते निघण्यापूर्वीच सोडवलेला होता. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत महारवाडा पूर्वेच्या अंगाला असतो. वारा वर्षातला बराच काळ पश्चिमेकडून वाहतो. महारवाड्यावरचा वारा गावावर येऊ नये. गावावरचा महारवाड्यावर गेला तर कोणाची हरकत नाही, असा तो हिशेब. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माझ्या वडिलांना हा हिशेब तोंडपाठ होता. पुढे मी इतिहासाचा अध्यापक झालो, भोपाळविषयी वाचू लागलो, तेव्हा तोच हिशेब मला सरकारी नकाशांत आणि परवान्यांत सापडला.

भोपाळ म्हटले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आठवते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या रात्रीपासून सुरुवात केली, तर त्याच्या हाती केवळ 'अपघात' लागतो. म्हणून सुरुवात जमिनीपासून केली पाहिजे.

१९६२ साली युनियन कार्बाइडची एक जाहिरात अमेरिकन नियतकालिकात झळकली होती. आभाळातून आलेला एक भला मोठा हात काचपात्रातले लाल रसायन भारताच्या भूमीवर ओततो आहे आणि खाली बैलजोडी घेऊन शेतकरी नांगरतो आहे, असे तिचे चित्र. विज्ञान नवा भारत घडवीत आहे, हा तिचा आशय. हरितक्रांतीच्या त्या दशकात या चित्राला हरकत घेणारा माणूस मागासलेलाच ठरला असता. १९६९ मध्ये भोपाळच्या काली परेड मैदानावर कंपनीचा कारखाना उभा राहिला. प्रारंभी तेथे बाहेरून आणलेले कीटकनाशक मिसळून पुड्यांत भरण्याचे काम होई. शहराचे रेल्वे स्थानक आणि जुनी वस्ती जवळच होती. शेतीसाठी लागणारा माल म्हणून हे सारे खपून गेले.

यानंतर १९७५ हे वर्ष येते आणि त्या वर्षातले दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिला कागद ऑगस्ट १९७५ चा भोपाळ विकास आराखडा. कीटकनाशकांसारखे घातक उद्योग शहराबाहेर स्वतंत्र क्षेत्रात असावेत, असे त्यात ठरले होते. त्या वेळचे सनदी अधिकारी म. न. बुच यांनी कारखाना हलविण्याचा आग्रह धरला. पुढे बुच यांची बदली झाली, कारखान्याची झाली नाही. दुसरा कागद ऑक्टोबर १९७५ चा. त्यान्वये केंद्र सरकारने याच कंपनीला वर्षाला ५,००० टन कीटकनाशक तयार करण्याचा परवाना दिला. दोन्ही कागदांत दोन-अडीच महिन्यांचे अंतर. देशात आणीबाणी होती. प्रश्न विचारणारी माणसे तुरुंगात होती. शहराचा नकाशा म्हणतो येथे नको, दिल्लीचा परवाना म्हणतो खुशाल करा. वाद झाला असता तर ते शहाणपण ठरले असते. वाद झाला नाही. नकाशा मुकाट्याने मागे सरला.

लगोलग १९७६ मध्ये कंपनीने भोपाळमध्येच कीटकनाशकांचे संशोधन केंद्र काढले. संशोधनाची जागा शामला टेकडीवर, तलावाच्या बाजूची. उत्पादनाची जागा मात्र झोपड्यांना लागून. मी या दोन जागांकडे पाहतो तेव्हा मला गाव आणि गावकूस आठवते. शेतीचे शास्त्र उंचावर राहिले आणि त्याचे जहर खाली.

१९८० पासून खाली मिथाइल आयसोसायनेट हा जालीम वायू तयार होऊ लागला. सेविन नावाचे कीटकनाशक त्याच्याशिवाय दुसऱ्या रीतीनेही बनवता येते. येथे मात्र ते द्रव स्वरूपात टाक्यांत भरून ठेवले गेले. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. १९८२ मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी शहर वाचवा म्हणून लेख लिहिले. त्याच वर्षी विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा श्रममंत्र्यांनी उत्तर दिले की कारखान्यात पंचवीस कोटी रुपये गुंतले आहेत, तो काही उचलून दुसरीकडे ठेवावा असा दगड नव्हे.

कारखाना दगड नव्हता हे खरे. पण झोपडी मात्र नेहमीच उचलता येणारी वस्तू मानली जाते. दुर्घटनेनंतर पुष्कळ सुशिक्षितांनी असा युक्तिवाद केला की वस्ती नंतर आली, चूक त्यांचीच. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड येथे राहणारे हमाल, विडीकामगार, रोजंदार. गरीब मुसलमान, दलित, खेड्यांतून पोटासाठी आलेले. त्यांना १९८४ मध्येच, म्हणजे त्या रात्रीच्या काही महिने आधी, राज्य सरकारने त्याच जागेचे पट्टे दिले होते. राहण्याचा हक्क दिला. भिंतीपलीकडे काय साठवले आहे हे जाणण्याचा हक्क दिला नाही. सरकारी हिशेबाने ५,२९५ माणसे मेली. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात.

जमिनीचा इतिहास मात्र तेथे संपत नाही. कारखान्याचा कचरा आवारातच पुरला जात होता. सांडपाणी १९७७ पासून जवळच्या तळ्यांत सोडले जाई. १९८९ मध्ये कंपनीनेच आवारातल्या माती-पाण्याची चाचणी घेतली, तेव्हा त्यात सोडलेले मासे मेले. हा निष्कर्ष शेजारच्या वस्तीला कोणी कळवला नाही; ती हातपंपाचे पाणी पीत राहिली. १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन राज्य सरकारकडे परत गेली, विषासकट. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. २०१० च्या सरकारी संस्थांच्या अभ्यासाने दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला. जानेवारी २०२५ मध्ये आवारातला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेला आणि पुढे तेथील गावकऱ्यांचा विरोध असताना जाळला. ११ लाख टनांपुढे ३३७ टन म्हणजे किती, हे वाचकांनीच ताडावे. आणि हे विष पुन्हा कोणाच्या दाराशी गेले, हेही पाहावे.

यावरून क्षेत्र-नियोजन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. १९७५ च्या आराखड्यात धोका स्पष्ट दिसला होता. त्याची अंमलबजावणी झाली असती तर हजारो माणसे वाचली असती. पण ज्यांच्या अंगणातून नकाशाची रेघ जाते त्यांना ती वाचता आली नाही, आणि त्यांची संमती कोणी विचारली नाही. मुंबईतही तानसा जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारी नेऊन ठेवली गेली. तेथील हवेने आरोग्याला धोका आहे असे हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच नोंदवले होते.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले. पडीक जमीन कसायला द्या, ही मागणी होती. ती आजही पुरी झालेली नाही. परंतु ती मागताना आपल्याला दुसरा प्रश्नही विचारावा लागेल. किती एकर, हे विचारून भागणार नाही. त्या मातीत यापूर्वी काय पुरले आहे, हे विचारले पाहिजे. आमच्या वाट्याला टाकलेलीच जमीन येते हा आमचा जुना अनुभव आहे. ती का टाकली गेली, हे सातबाऱ्यावर लिहिलेले नसते. विकास आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो तेव्हा त्या नोटिशीची मुदत बहुधा आपल्या वस्तीला कळण्यापूर्वीच टळते. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींनी ती नोटीस शोधावी, नकाशा उलगडावा आणि वस्तीत नेऊन वाचून दाखवावा. वडिलांना वाऱ्याची दिशा कळत होती; हरकत घेण्याची जागा त्यांना माहीत नव्हती. आपल्याला ती माहीत आहे.