लक्ष्मीबाई टिळकांची लेखनस्फूर्ति

लेखकाला स्फूर्ति कोठून येते, हा प्रश्न वाङ्मयाच्या चर्चेंत वारंवार निघतो. आणि एकांत, व्यासंग, ग्रंथांचा सहवास अशीं त्याचीं उत्तरें ठरून गेलेलीं आहेत. परंतु मराठी आत्मचरित्रांत ज्याला अग्रपूजेचा मान मिळाला, तें ‘स्मृतिचित्रें’ यांपैकीं एकाच्याही आश्रयानें जन्मास आलें नाहीं. लक्ष्मीबाई टिळक यांना रीतसर शिक्षण मिळालें नव्हतें, आणि एकांत तर संसारानें त्यांना क्वचितच लाभूं दिला. मग हें पुस्तक निर्माण झालें कसें?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें झाला. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आईच्या वडिलांना फांशी झाली होती. त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोंवळें इतकें वाढलें कीं, घरांत आलेलें मीठदेखील धुवून घेतल्यावांचून चालेना. अशा घरांत मुलीच्या हातीं पुस्तक पडण्याचा संभव थोडाच; पण माणसांच्या नाना तऱ्हा पाहण्याची संवय मात्र तिच्या डोळ्यांना तेथेंच लागली.

१८८० सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशीं झाला. टिळक मोठे कवि, मनाचे उदार, आणि तितकेच लहरी. त्यांची स्फूर्ति वावटळीसारखी येई; तशीच एखादी लहर त्यांना घराबाहेरही घेऊन जाई. मागें राहणारीला संसार सांवरावा लागे. तथापि पत्नीला लिहावयास-वाचावयास शिकविलें तें त्यांनींच. १८९५ सालीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लहानग्या मुलासह लक्ष्मीबाईंना नातलगांच्या आधारानें वियोगाचे दिवस कंठावे लागले. पुढें त्या पतीकडे गेल्या, आणि १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. नगरच्या त्यांच्या घरांत बालकवि ठोमरे पुत्राप्रमाणें वावरले. त्या घरीं कविता आणि स्वयंपाक यांच्यामध्यें भिंत नव्हती.

१९१९ सालीं टिळक निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध काव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आलें होतें. एका थोर कवीची अर्धी राहिलेली ओवी उचलण्यास विद्वानही कचरला असता. लक्ष्मीबाईंनीं ती उचलली आणि पुढील चौसष्ट अध्याय रचले. हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ सालीं, प्रसिद्ध झाला.

‘स्मृतिचित्रां’चा उगम याहूनही साधा आहे. टिळकांचें चरित्र लिहावें, या हेतूनें पुत्र देवदत्त यांनीं आईला तिच्या आठवणी लिहून काढण्यास सांगितलें. मागणी साहित्याची नव्हती. हवी होती ती पतीविषयींची माहिती. परंतु ती देतां देतां लक्ष्मीबाईंना स्वतःचें आयुष्य सांपडलें. १९३४ पासून त्या आठवणी चार भागांत प्रसिद्ध झाल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई वारल्या, आणि शेवटचा भाग पुत्रानें पुरा केला.

ग्रांथिक भाषा त्यांना अवगत नव्हती, आणि त्यांनीं तिचें सोंगही घेतलें नाहीं. घरांत जशा बोलत, तशाच त्या लिहीत गेल्या. उपासमार, अपमान, वियोग यांपैकीं कांहीं लपविलें नाहीं. पण पतीच्या लहरींवर हंसतांना स्वतःच्या अज्ञानावरही तितक्याच मोकळेपणानें हंसल्या. दुःखाकडे असें पाहण्याची ही शक्ति, हेंच त्यांच्या प्रतिभेचें मर्म होय.

दुःखांतून वाङ्मय जन्मतें, असें म्हणण्याची प्रथा आहे. तें तितकेंसें खरें नव्हे. त्या काळीं लक्ष्मीबाईंइतकें सोसणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या. त्यांच्या मागें एक ओळही उरली नाहीं. लक्ष्मीबाईंना दोन गोष्टी अधिक मिळाल्या: कोणी तरी अक्षरें शिकविलीं, आणि कोणी तरी “तुला आठवतें तें लिही” असें म्हटलें. पहिली गोष्ट पतीकडून आली, दुसरी मुलाकडून. आणि या दोहोंमध्यें उणींपुरीं चाळीस वर्षें गेलीं. प्रतिभा एवढा काळ राखेखालच्या निखाऱ्यासारखी टिकून राहूं शकते. मात्र राख बाजूला सारणारा हात वेळेवर पोंचावा लागतो. ज्यांच्यापर्यंत तो पोंचलाच नाहीं, अशा किती आठवणी त्या पिढींतील आया-आज्यांबरोबर विझून गेल्या, याची मोजदाद आतां कोण करणार?