सवतीचा टोमणा

सिरियलमधल्या महालांतली सूडनाट्यं विसराल, अशी गोष्ट आपल्या संभाजीनगरच्या संस्थापकाच्या घरात घडली. मलिक अंबर, गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतल्यावर त्याने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं, वर स्वतःची मुलगीही दिली. सुलतानाची इराणी बेगम या सवतीला गुलाम म्हणून हिणवायची. मुलीने बापाला कळवलं. १६१० मध्ये सुलतान आणि बेगम, दोघांवरही विषप्रयोग! गादीवर पाच वर्षांचं पोर. ही हकीकत १६१७ मध्ये अंबरला भेटलेल्या डच व्यापारी व्हॅन डेन ब्रुकची.

मला यात रागापेक्षा हिशेब जास्त दिसतो. मुर्तजाने आधीही राजू दख्खनीला अंबरविरुद्ध फूस दिली होती, टोमणा निमित्त ठरला असणार. त्याच १६१० च्या सुमारास अंबरने खडकी, म्हणजे आपलं शहर, वसवायला घेतलं. पण अपमान मुलीचा, आणि सूड घेताना विधवाही तीच झाली, राव!