खिट्या गेल्या, डिंक आला

मंडळी, आपल्या पिढीचा विजेशी पहिला घरगुती संबंध आला तो सेलमधून. टॉर्चचे, ट्रान्झिस्टरचे, भिंतीवरच्या घड्याळाचे. सेल संपला की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणायचा, झाकण सरकवायचं, प्लस-मायनस बघून बसवायचा. त्याला कोणी इंजिनियर लागत नसे. लॅपटॉपच्या बाबतीतही बरीच वर्षं हेच चालू होतं. ते कसं बंद पडलं, त्याचा हा छोटासा इतिहास.

सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. ज्यांच्या संशोधनावर ती उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निकेलच्या बॅटरीपेक्षा ही हलकी आणि तेवढ्याच वजनात जास्त वीज साठवणारी. लॅपटॉपमध्ये तिचे दंडगोल सेल असत, १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. असे सहा-आठ सेल एका प्लास्टिकच्या डब्यात, आणि तो डबा लॅपटॉपच्या पोटाला दोन खिट्यांनी अडकवलेला. लिथियम बॅटरी काही शे वेळा चार्ज केली की थकते, हा तिचा धर्मच आहे. यंत्र जास्त जगणार, बॅटरी आधी जाणार, हे त्या दोन खिट्यांनी मान्य केलेलं होतं.

या खिट्यांची खरी किंमत कळली २००६ साली. सोनीच्या काही सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण राहिले होते, त्यामुळे बॅटऱ्या तापून पेट घेऊ लागल्या. त्या ऑगस्टमध्ये डेलने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या आणि ॲपलने सुमारे १८ लाख. आकडे प्रचंड, पण उपाय सोपा! खिटी सरकवा, बॅटरी बाहेर काढा, तोवर लॅपटॉप प्लगवर चालवा, नवी बॅटरी पोस्टाने येईल. लाखो लोकांनी हे स्वतःच्या डायनिंग टेबलावर केलं.

मग जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. सगळे त्याच्या जाडीकडे बघत राहिले. त्याच्या पाठीला खिट्या नाहीत, हे बऱ्याच जणांना नंतर कळलं. २००९ मध्ये ॲपलचे मॅकबुक प्रोही त्याच वाटेने गेले. इथे कंपनीची बाजूही सांगायला हवी. काढता येणाऱ्या बॅटरीला स्वतःचं कडक कवच, कप्पा, खिट्या, सगळं लागतं. ते काढलं तर त्या जागेत जास्त बॅटरी मावते. १७ इंची मॉडेलसाठी दावा होता ८ तासांचा आणि १००० वेळा चार्जिंगचा. इंजिनियर म्हणून मला हे पटतं. पण २०१२ च्या रेटिना मॉडेलमध्ये बॅटरी चक्क डिंकाने चिकटवली. दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीसाठी १० पैकी १ गुण दिला! स्क्रू आणि डिंक यात फरक आहे हो. स्क्रू उघडायला वेळ लागतो, डिंक उघडायला धाडस लागतं.

बाकीच्या कंपन्याही हळूहळू मागे आल्या. लेनोवोच्या थिंकपॅडने २०१३ मध्ये एक बॅटरी आत आणि एक बाहेर असा मधला मार्ग काढला होता, तोही टी-मालिकेत २०१८ च्या टी४८० पर्यंतच टिकला. २०१९ मध्ये ॲपलला पुन्हा बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या, २०१५ च्या १५ इंची मॉडेलच्या. एकट्या अमेरिकेत सुमारे ४ लाख ३२ हजार. बॅटरी फुकट बदलून मिळत होती, पण या वेळी पोस्टाने नाही. मशीन वापरायचं थांबवा आणि अख्खं आमच्या हवाली करा, असा निरोप होता.

आता यात आपलं काय? सांगलीला आई-बाबांसाठी मी इथून एक लॅपटॉप नेला होता. चौथ्या वर्षी त्याची बॅटरी फुगली आणि टचपॅड वर आलं. तिथल्या सर्व्हिस सेंटरने हे मॉडेल इथे विकलंच नाही म्हणून हात वर केले. गल्लीतला रिपेअरवाला म्हणाला, ‘काका, चिकटवलेली आहे, उघडताना पेटली तर?’ तो बरोबरच होता. इथून पाठवायची तर सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानाच्या कार्गोत १ एप्रिल २०१६ पासून चालत नाही. कोणीतरी हातातल्या सामानात न्यायला हवी. बाबांनी फोनवर विचारलं, ‘अरे, सेल गेला म्हणून कोणी घड्याळ टाकतं का?’ दोन महिने आमचा रविवारचा व्हिडिओ कॉल बंद होता आणि नात आजीला फक्त आवाजाने भेटत होती.

सुदैवाने वारं फिरतंय. २०२१ मध्ये फ्रेमवर्क कंपनीने स्क्रू-ड्रायव्हरने घरी उघडता येणारा लॅपटॉप आणला. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, २०२३ मध्ये मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाने. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमात तर स्पष्ट म्हटलंय की १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला साध्या अवजारांनी, उष्णता किंवा रसायन न वापरता बदलता आली पाहिजे.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत गावी न्यायला लॅपटॉप घेणार असाल, तर रॅम आणि हार्ड डिस्क जरूर बघा. पण आधी तो उलटा करा. आत बॅटरी स्क्रूने बसवली आहे की डिंकाने, आणि ती बॅटरी भारतात मिळते का, हे दुकानदाराला विचारा. तो गडबडला, तर दुसरं मॉडेल बघा.