दिवसाला एक मिलिमीटर

आमचा दादा दहा वर्षांचा असताना उसाच्या बैलगाडीवरून पडला. मांडीचे हाड मोडले आणि त्याची टोके एकमेकांवर चढूनच जुळली. पाय 4 सेंटिमीटर आखूड झाला. बारामतीतल्या एका कारागिराने चपलेला जादा थर शिवून दिला. ती घालूनच दादाने इंदापूर तालुक्यातली आमची शेती सांभाळली. मी डॉक्टर नाही. आखूड हाड लांब करता येते का, हा घरातलाच प्रश्न मला या इतिहासाकडे घेऊन गेला.

बोलोन्याच्या अलेस्सांद्रो कोदिविल्ला यांनी 1905 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. मांडीचे हाड तिरके कापायचे, टाचेच्या हाडात खिळा घालायचा आणि पाय जोराने ओढून प्लास्टरमध्ये ठेवायचा. लांबी मिळे; पण हाडाबरोबर स्नायू, नसा, रक्तवाहिन्याही ओढल्या जातात आणि त्यांना घाई सोसत नाही.

उत्तर सैबेरियातल्या कुर्गान भागात सापडले. 1951 पासून गाव्रिल इलिझारोव्ह हाडातून आरपार तारा घालून त्या बाहेरच्या धातूच्या कड्यांना ताणून बसवू लागले. सुरुवातीला त्यांनी सायकलच्या आऱ्याही वापरल्या. हाड कापल्यावर साधारण आठवडाभर थांबायचे. मग दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर नट फिरवायचा. फटीत नवे हाड तयार होते. वेग वाढवला तर ते नीट भरत नाही, फार कमी केला तर वेळेआधीच जुळून जाते.

1981 मध्ये इलिझारोव्ह यांनी इटलीत व्याख्याने दिली आणि पश्चिमेला हे तंत्र कळले. पुढे ते भारतात आले. आपल्याकडे अकोल्याच्या डॉ. मिलिंद चौधरी यांनी त्यात मोठे काम केले. मांडी मात्र अवघड जागा. स्नायू जाड, आतून मुख्य रक्तवाहिनी जाते, आणि व्यायाम चुकला की गुडघा आखडतो. आता हाडाच्या पोकळीत बसणारा, बाहेरच्या चुंबकाने लांबवता येणारा खिळाही निघाला आहे.

नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका डॉक्टरांनी दादाला हिशेब सांगितला: 4 सेंटिमीटरला 40 दिवस ताण, मग नवे हाड घट्ट होईपर्यंत कडी तशीच. एकूण चार-पाच महिने. दादाने बोटांवर मोजले.

“म्हणजे दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत. अख्खा हंगाम गेला की!”

पैसे उसने मिळाले असते. ऊस कारखान्याला घालायला दुसरे कोणी नव्हते. मी तेव्हा शिकत होतो. आम्ही एसटीने परत आलो.

कोदिविल्लांना जो वेळ द्यायचा सुचला नाही, तो इलिझारोव्हांनी हाडाला दिला. दादाला तो कोणी द्यायचा होता, हे मला आज कळते.