छोट्या राउटरवर नेट कोण खातंय, हे कसं बघायचं?

फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा युसेज' दिसतो, पण तो त्या एकाच फोनचा. घरात चार फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि कॅमेरा एकाच वायफायवर असतील तर खरा हिशोब फक्त राउटरकडे असतो. कारण बाहेर जाणारं आणि आत येणारं प्रत्येक पॅकेट त्याच्यातूनच जातं.

बहुतेक घरगुती राउटरच्या पोटात लिनक्सच असतं. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा जीपीएल सोर्स कोड खुला झाला आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. हे एक मोफत फर्मवेअर आहे. राउटरमध्ये किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम हवी, १६ आणि १२८ असेल तर उत्तम. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघा. चुकीची फाइल टाकली तर राउटरची वीट होते, म्हणून हार्डवेअर व्हर्जनचा नंबरसुद्धा जुळवून घ्या.

आता मोजणी कशी होते ते बघू. लिनक्सचं कर्नल प्रत्येक इंटरफेससाठी किती बाइट आले आणि किती गेले याचा काउंटर सतत चालू ठेवतं. अगदी वीजमीटरसारखं. पण राउटर बंद झाला की हा मीटर शून्यावर येतो. व्हीएनस्टॅट नावाचा छोटा प्रोग्राम हे आकडे ठराविक वेळाने वाचतो आणि तास, दिवस, महिना असा हिशोब लिहून ठेवतो. तो पॅकेट उघडून बघत नाही, त्यामुळे छोट्या प्रोसेसरवर त्याचा भार जवळजवळ शून्य. मोजताना इंटरफेस मात्र 'वॅन' निवडा, 'लॅन' नाही. लॅप्टॉपवरून घरातल्याच पेनड्राइव्हवर फाइल कॉपी केली तर ती लॅनमध्ये मोजली जाऊ शकते, पण कंपनी तिचे पैसे लावत नाही.

व्हीएनस्टॅट 'किती' आणि 'कधी' सांगतो. 'कोणी' हे सांगायला एनएलबीडब्ल्यूमॉन लागतो. राउटर चालू जोडण्यांची एक यादी ठेवतोच, हा प्रोग्राम तीच यादी वाचून प्रत्येक उपकरणाचं डाउनलोड आणि अपलोड वेगळं लावतो. दोन्ही प्रोग्राम लुसी या वेब पानावरून, सिस्टिममधल्या सॉफ्टवेअर विभागात शोधून टाकता येतात. कमांड टाइप करायची गरज नाही.

या दोघांची जोडी का लागते, त्याचं आमच्या घरचंच उदाहरण देतो. गावी फायबर नाही. राउटरला डोंगल लावलाय, रोजचा २ जीबी डेटा. गेल्या वर्षी तो रोज सकाळी उठेपर्यंत संपलेला असायचा आणि बहिणीचा स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन क्लास बफर होत बसायचा. बाबांचं म्हणणं एकच, "रात्रभर रील्स बघत बसते, दुसरं काय!" ती रडकुंडीला आली होती. मी लांबूनच तिला फोनवर सांगून दोन्ही प्रोग्राम टाकायला लावले. दुसऱ्या दिवशी व्हीएनस्टॅटच्या तासवार तक्त्यात दिसलं, की वापर रात्री बारापासून पहाटे साडेचारपर्यंतच आहे. आणि एनएलबीडब्ल्यूमॉनमध्ये एक उपकरण असं, की ज्याचं अपलोड डाउनलोडच्या कितीतरी पट. फोनवर व्हिडिओ बघणाऱ्याचं बरोबर उलटं असतं! तो होता ओट्यावरचा कॅमेरा, सतत क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवणारा.

गणित करून बघा. १ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ०.१२५ एमबी. या वेगाने २ जीबी संपायला १६,००० सेकंद, म्हणजे साधारण साडेचार तास. दिवसभर चालला असता तर १०.८ जीबी गेले असते. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकलं, क्लाउड रेकॉर्डिंग बंद केलं. बाबांनी बहिणीला सॉरी वगैरे म्हटलं नाही, पण कार्ड ते स्वतः तालुक्याला जाऊन घेऊन आले.

काही अडचणी आधीच सांगतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये हे दोन्ही प्रोग्राम आपला डेटा 'व्हार' फोल्डरमध्ये ठेवतात आणि तो फोल्डर असतो रॅममध्ये. लाइट गेली की महिन्याचा हिशोब साफ. राउटरला यूएसबी पोर्ट असेल तर छोटा पेनड्राइव्ह लावून डेटाबेसची जागा तिकडे बदला. आतल्या फ्लॅशवर दर मिनिटाला लिहायला लावू नका, ती झिजते. एनएलबीडब्ल्यूमॉन मुळातच २४ तासांनी एकदा लिहितो, ते ठीक आहे.

दुसरं, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक ॲड्रेस लपवून वेगळाच सांगतात. त्यामुळे यादीत अनोळखी नावं दिसली तर लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नका. घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करा आणि प्रत्येक उपकरणाला नाव द्या. तिसरं, 'फ्लो ऑफलोडिंग' चालू असेल तर काही पॅकेट नेहमीचा रस्ता सोडून जातात आणि आकडे कमी दिसू शकतात. मोजेपर्यंत ते बंद ठेवा.

यात कोण कुठला व्हिडिओ बघतंय हे दिसत नाही, फक्त किती डेटा गेला ते दिसतं. तरीही रूमवर किंवा घरात हे लावताना सगळ्यांना सांगूनच लावा. गुपचूप लावलेला मीटर म्हणजे पाळतच. (डीएनएस लॉग चालू केला तर साइटची नावंही दिसतात, पण डेटा मोजायला त्याची अजिबात गरज नाही.)

आणि कंपनीच्या ॲपचा आकडा तुमच्याशी तंतोतंत जुळणार नाही. व्हीएनस्टॅट १०२४ च्या पटीत मोजतो, कंपनी १००० च्या पटीत मोजत असेल तर तिचे १००० जीबी तुमच्याकडे ९३१ दिसतील. फरक याहून बराच जास्त असेल, तर तारीखवार तक्ता समोर ठेवून कस्टमर केअरला फोन लावा.