चोपदाराचा चोप आणि टाळकऱ्याची तक्रार

दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून निघणाऱ्या या अंकात इतिहासाचा एक लेख आमच्याकडे आला. दिंडी कशी निघाली, कोणत्या गावचे माळकरी आधी चालले, ते जुनी मंडळी सांगतीलच. आम्ही एक प्रश्न घेतला आहे. तो पारावर, एसटीच्या थांब्यावर आणि वारीच्या वाटेवरही ऐकू येतो. "चांगला होता हो तो, खुर्चीवर बसला आणि बिघडला." सरपंच असो, चेअरमन असो, नाहीतर एखाद्या मठाचा अधिकारी असो, वाक्य तेच. हे खरे आहे का? सत्ता हातात आली की माणूस बिघडतोच का?

आपण वारकरी. आपल्याला हे समजून घ्यायला दिल्ली-मुंबईकडे बघायला नको. खुद्द पांडुरंगाच्या राउळात ही गोष्ट घडून गेली आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत २०१४ साली संपली.

पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळात बडवे आणि रुक्मिणीमातेकडे उत्पात, असे हक्क पिढीजात चालत आले. त्यांच्या जोडीला सेवाधारी होते. पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे अशी सात घराणी. कोणी पूजा करायची, कोणी मंत्र म्हणायचे, कोणी देवाला न्हाऊ घालायचे, कोणी दिवटी धरायची, सगळे वाटून दिलेले. बडव्यांचे काम मूळचे राखणीचे. ते त्यांनी केलेही, हे आधी सांगितले पाहिजे. अफझलखानाची स्वारी आली तेव्हा, आणि पुढे औरंगजेबाची छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीला पडली तेव्हा, देवाची मूर्ती हलवून सांभाळली गेली अशी परंपरा आहे. त्यात देगावचे नाव येते आणि बडव्यांच्या घरातल्या प्रल्हाद महाराजांचेही येते. जीव धोक्यात घालून देव राखणारी ही माणसे. तेव्हा ती मुळात वाईट होती असे म्हणायला आमची जीभ धजत नाही.

मग झाले काय? राखणीचे वतन झाले. वतन म्हटले की ते बापाकडून मुलाकडे जाणार, मुलांत वाटे पडणार, वाट्यांवरून भांडणे होणार. बडवे आणि सेवाधारी इंग्रजांच्या कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहिले. देवापुढे पडणाऱ्या ओवाळणीचा हक्क बडव्यांमध्ये आपसात लिलावाने जाऊ लागला. ज्याची बोली जास्त, त्याचा तो दिवस. आता ही गोष्ट नीट बघा. ज्याने आज बोली लावून पैसे भरले, त्याला ते आजच वसूल करायचे आहेत. दारात उभा राहिलेला वारकरी त्याला माउली दिसेल की गिऱ्हाईक? तिथे एखादा सज्जन बसवला असता तरी संध्याकाळपर्यंत त्याचाही हात यात्रेकरूच्या कनवटीकडे गेला असता. आमच्या मते बिघाड माणसाच्या आधी मांडणीत शिरला. ज्या यात्रेकरूकडून पैसे घ्यायचे त्याने तक्रार करायची कोणाकडे, याची सोयच त्या मांडणीत नव्हती.

यात्रेकरूंच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९६८ साली सरकारने बी. डी. नाडकर्णी यांचा आयोग नेमला. त्याच्या अहवालावरून १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे कायदा झाला आणि वंशपरंपरेचे हक्क रद्द ठरले. पण कायदा होणे वेगळे आणि ताबा मिळणे वेगळे. कोर्टकज्जे चालूच राहिले. कारभार समितीकडे यायला १९८५ उजाडले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल लागला १५ जानेवारी २०१४ ला. कायद्यापासून निकालापर्यंत चाळीस वर्षे. हातातली सत्ता सोडायला माणूस किती वेळ घेतो, त्याचा हा आकडा.

यात एक गोष्ट आपल्या सोयीची नाही, ती वगळून चालणार नाही. चोखोबा त्याच दारात मार खाऊन परत फिरले, हे त्यांच्याच अभंगातून आपल्याला कळते. ते अभंग आपण शेकडो वर्षे टाळ-मृदंगावर म्हटले, डोळ्यांत पाणी आणून म्हटले. आणि दार मात्र १९४७ पर्यंत बंदच राहिले. साने गुरुजींनी त्या वर्षी आधी गावोगाव फिरून महाराष्ट्राला विनवले, आणि १ मे पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. १० मे ला मंदिर हरिजनांना उघडायचे ठरले तेव्हा उपोषण सुटले. त्यांना विरोध करणाऱ्यांत नुसते बडवे नव्हते, गळ्यात तुळशीची माळ घातलेलेही होते. दाराची किल्ली बडव्यांच्या कमरेला असली तरी दार बंद ठेवण्यात पुष्कळांचा हात होता. सत्ता असणाऱ्याला बिघडवते म्हणतात; ती शेजारी उभ्या असणाऱ्यालाही गप्प राहायची सवय लावते.

साने गुरुजींचे घराणे पालगडच्या खोतांचे. 'श्यामची आई' वाचलेल्यांना ते आठवत असेल. खोत म्हणजे सरकारचा सारा गोळा करून भरणारा मधला माणूस. तेही मुळात कामच होते, पुढे मालकी झाली. आपल्या कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव १९८१ नंतरचे) खोताच्या शेतावर कुळाने फुकट राबायचे, पीक खळ्यावर आले की अर्ध्याहून जास्त खोताघरी घालायचे, आणि वर मुजरा करायचा. पंढरपूरच्या दारात जे घडले तेच इथे बांधावर घडत होते. अलिबागच्या वाटेवरचे चरी गाव तुम्हाला ठाऊक आहे. तिथे २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी संप केला. संप चालला १९३९ पर्यंत. पंचवीस गावांतल्या कुळांनी शेत कसायचेच नाही असे ठरवले आणि सहा वर्षे उपासमार सोसली. डॉ. आंबेडकर १९३४ च्या डिसेंबरात चरीला आले, आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. खोती कायद्याने जायला मात्र १९४९ उजाडले. खोताघरचा एक मुलगा सगळी आस सोडून विठोबाच्या दारासाठी प्राण पणाला लावतो, हे ध्यानात ठेवा. म्हणजे सत्तेच्या घरात जन्मलेला प्रत्येक जण बिघडतो असे काही नाही.

आपल्या संप्रदायात अशी माणसे आणखी आहेत. तुकोबांचे घर महाजनाचे, सावकारीचे. लोकांनी लिहून दिलेली कर्जखते त्यांच्याकडे होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची निम्मी खते इंद्रायणीत बुडवली आणि निम्मी भावाला दिली, असे महिपतीबुवा सांगतात. आम्हाला यातला भावाचा वाटा फार महत्त्वाचा वाटतो. बुवांनी आपली सत्ता सोडली, पण भावावर जबरदस्ती केली नाही.

दुसरे हैबतबाबा. साताऱ्याकडचे आरफळचे पवार, शिंदे सरकारच्या पदरी सरदार. संपत्ती घेऊन गावी परतताना वाटेत लुटारूंनी कोंडून ठेवले, हरिपाठ म्हणत राहिले, सुटले आणि गावाकडे न जाता आळंदीला माउलींच्या पायाशी आले, अशी कथा आहे. तुकोबांचे पुत्र नारायणबाबांनी १६८५ साली पालखी सुरू केली होती. देहू, येलवाडी आणि किन्हई ही गावे त्या घराण्याला इनाम मिळाली होती. पुढे वंशजांत हक्कांवरून वाद लागले (बघा, इथेही वतनच आडवे आले) आणि १८३० च्या सुमाराला हैबतबाबांनी माउलींची पालखी स्वतंत्र काढली. सरदाराला फौज चालवायचे ज्ञान होते, ते त्यांनी वारीत वापरले. कोणती दिंडी कुठे चालेल, मुक्काम कुठे, तळ कसा लागेल, सगळे ठरले. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, ते आजही येतात. एका घोड्यावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा अश्व, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. आणि खुद्द हैबतबाबांची जागा आळंदीच्या महाद्वारात पायरीशी आहे.

आषाढी म्हणजे आपल्याकडे भाताची लावणी. म्हणून पनवेल, उरण, पेणच्या पुष्कळ माळकऱ्यांची वारी कार्तिकीची, खोपोलीवरून बोरघाट चढून आळंदीला. ज्यांनी आषाढीचा पालखी सोहळा तळावर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी समाजआरतीचे सांगतो. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार मधोमध येऊन चोप वर करतो. त्या क्षणी सगळा तळ चिडीचूप. पोलीस नाही, भोंगा नाही. एका काठीने एवढा समुदाय गप्प होतो, ही केवढी सत्ता!

पण ज्या दिंडीची तक्रार आहे ती टाळ थांबवत नाही. वाटेत कोणी क्रम मोडला, मध्येच घुसले, पाणी मिळाले नाही, जागा दुसऱ्याने घेतली, काय असेल ते. त्या शांततेत एकाच कोपऱ्यातून टाळ वाजत राहतात आणि सगळ्या तळाचे कान तिकडे लागतात. चोपदाराला चालत तिथवर जावे लागते. विचारावे लागते, ऐकावे लागते, तिथल्या तिथे निवाडा द्यावा लागतो. समाधान झाले की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याची आणि उद्याच्या निघण्याच्या वेळेची घोषणा होते, आणि मगच माउलींची आरती. म्हणजे तक्रार मिटल्याशिवाय देवाचीसुद्धा आरती नाही. ज्या सरदाराने एका शब्दावर माणसे चालवली, त्याने लावलेल्या सोहळ्यात शेवटच्या टाळकऱ्यालाही चोप अडवता येतो. बडव्यांच्या दारात यात्रेकरूच्या हाती असा टाळ नव्हता आणि चरीच्या कुळाच्या हातीही नव्हता. म्हणून एकाला आयोग येईपर्यंत थांबावे लागले आणि दुसऱ्याला सहा वर्षे उपाशी.

आता आपल्या पनवेलकडे येऊ. १९७० ला सिडको आली, ठाणे, पनवेल, उरणच्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे आपली माणसे उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्याकडे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली. म्हणजे सरकारच्या सत्तेपुढे आपण टाळ वाजवत राहिलो आणि ऐकून घ्यायला लावले. पुढे मात्र प्लॉट आले, पैसा आला, आणि सत्ता आपल्याच ओटीवर येऊन बसली. चेअरमन आपला, नगरसेवक आपला, ठेकेदार आपला. आपल्याच माणसापुढे टाळ कोण वाजवणार?

कर्नाळा नागरी सहकारी बँकेचे उदाहरण ताजे आहे. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिचा परवाना रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण होते, त्यावर ठेव असलेल्यांची रात्रीची झोप उडाली. कोणी काय केले ते न्यायालयात आहे, त्यावर आम्ही बोलत नाही. आम्ही बोलतो ते सगळ्याच सहकारी संस्थांच्या वार्षिक सभेबद्दल. तिथे सभासदाला विचारायचा पुरता हक्क असतो. आपण काय करतो? अहवाल वाचला असे समजून "मंजूर, मंजूर" म्हणतो, चहा पितो, पिशवी भेट मिळाली तर घेतो आणि उठतो. ज्याने उभे राहून आकडा विचारला त्याच्याकडे आपणच वळून बघतो, "हा कोण दीडशहाणा?"

गावकीचेही तसेच. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेलची महानगरपालिका झाली. रस्ते रुंद होतील, दिवे लागतील, ते व्हावेच. पण कित्येक गावांच्या ग्रामपंचायती तीत गेल्या आणि त्यांच्याबरोबर ग्रामसभा गेली. देवळासमोर सतरंजी टाकून जिथे आजीबाईसुद्धा उभी राहून "पाण्याचं काय रे केलंस?" असे सरपंचाला विचारी, ती जागा गेली. २०२२ ला पहिल्या नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकाच्याच हाती राहिला. त्या अधिकाऱ्यांच्या मनात खोट होती असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चोप वर होता आणि टाळ ऐकू येण्याइतके जवळ कोणी नव्हते, एवढेच.

राहिली आपली दिंडी. दिंडीतही सत्ता असते, ती नाकारू नये. विणा कोणाच्या गळ्यात, पुढच्या ओळीत कोण, कीर्तनाला कोणाला बोलवायचे, अन्नदानाच्या फलकावर कोणाचे नाव आधी, टेंपोत कोणाची पिशवी बसते आणि कोणती म्हातारी चालत राहते, हे ठरवणारा कोणीतरी असतोच. विण्याची रीत चांगली आहे. विणा जमिनीवर टेकवायचा नाही, आणि एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाताना दोघांनीही एकमेकांच्या पाया पडायचे, मग एक सत्तरीचा आणि दुसरा विशीतला का असेना. वही-पेटीला अशी रीत नाही. पूर्वी शिधा तांदूळ-डाळीत यायचा, तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोजला जायचा. आता देणगी मोबाईलवर येते आणि कोणाच्या खात्यात गेली ते दोघा-तिघांनाच कळते. बायका दिंडीत निम्म्याहून जास्त चालतात, पंगतीचा भार त्यांच्यावर, पण कारभाराच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावल्याचे फारसे दिसत नाही. पंढरपूरच्या राखणदारांचे वतन व्हायला काही शतके लागली, आपल्याला शंभरच झाली आहेत.

म्हणून आम्ही कारभारी मंडळींना दोन गोष्टी सुचवल्या आहेत. कारभारी तीन वर्षांनी बदलावा आणि निम्म्या जागा बायकांना द्याव्यात. त्यावर अजून एकमत नाही, चर्चा चालू आहे. तिसरी गोष्ट मात्र सगळ्यांनी मान्य केली. शताब्दीच्या देणग्यांचा आणि या अंकाच्या खर्चाचा हिशोब काल्याच्या दिवशी, कीर्तनाच्या आधी, मंडपात मोठ्याने वाचला जाईल. वही विणेकऱ्यापाशी उघडी ठेवलेली असेल. ज्यांना काही विचारायचे आहे त्यांनी टाळ घेऊन यावे.